जिन्याची भिंतीकडची बाजू

१

पाच पायऱ्या बदलायच्या, एवढंच काम होतं.

नदी समुद्राला मिळते तिथल्या सें-लुई बेटाच्या मधोमध, चौकापासून दोन गल्ल्या उत्तरेला, एक दुमजली इमारत आहे. लोक तिला डिंकवाल्यांचं घर म्हणतात. खाली जाड भिंतींची चार कोठारं, मध्ये फरसबंद अंगण, अंगणातून वर चढणारा एकोणीस पायऱ्यांचा लाकडी जिना आणि वर चारही बाजूंनी फिरणारा सज्जा. विटा शिंपल्यांच्या चुन्यात बसवलेल्या आहेत. नदीचं खारं वारं खाऊन खाऊन बाहेरचा पिवळा रंग पोपडे धरतो, पण भिंत हलत नाही. कोठारांत पूर्वी नदीवरून आलेला डिंक भरत. डिंकाच्या आधी तिथे कुणाला कोंडत, ते बेटावर कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

ही इमारत संरक्षित यादीत आहे. खिळा बदलायचा तरी कचेरीचा कागद लागतो. मी सुतार, मेदून फाय. जुन्या घरांचे जिने आणि सज्जे दुरुस्त करण्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे तो कागद बहुधा माझ्याच नावाने निघतो.

वर एकच भाडेकरू राहत होती, खुदिया वान. वय सत्तरीच्या पुढे. नवरा होता तेव्हा तो इथला राखणदार होता. तो गेला आणि ती राहिली. सगळं बेट तिला याय म्हणायचं, म्हणजे आई.

"कोण आलंय?" पहिल्या दिवशी तिने वरून विचारलं. "सेरेर दिसतोय. खोकल्यावरूनच कळतं."

"तुझा मालक आलाय, याय. ऊठ, पाणी आण."

"मालक! माझ्या आजानं तुझ्या आजाला एका लंगड्या बकरीत विकत घेतलं होतं. बकरी जास्त टिकली म्हणे."

मी सेरेर, ती तुकुलेर. आमच्या दोन जमातींनी भेटल्याबरोबर एकमेकांना गुलाम म्हणायचं, ही रीतच आहे. कुणी म्हटलं नाही, तर समोरचा रागावलाय असं समजतात. तिने वरून चहाचा पेला दोरीने टोपलीत सोडला. जिन्याचं काम संपेपर्यंत रोज तीन पेले यायचे, पहिला कडू, तिसरा गोड.

फळ्या आझोबेच्या होत्या. धक्क्याचे खांब ज्या लाकडाचे करतात ते हे लाकूड. पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि गिरमिटाचं पातं दोन भोकांत बोथट होतं. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतच्या जुन्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, कडांवरून रंधा फिरवला. हात फिरवून पाहिला. काचेसारखं काम झालं होतं.

आठ दिवसांनी सज्ज्याच्या कठड्याचं माप घ्यायला परत गेलो. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि तो आत गेला. किंचितच. पायरीला खळगा पडला होता.

२

मला आधी राग आला तो लाकूडवाल्याचा. आझोबे म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात मारलं, असं वाटलं. पण खिशात त्याच फळीचा एक तुकडा होता. त्यावर कानस घासली, तर कानसच घसरली.

मी पायरीवर बसलो आणि नीट पाहिलं. झीज वाचणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे. माणूस चढतो तेव्हा पाऊल पायरीच्या पोटावर पडतं. उतरतो तेव्हा टाच आतून घासत येते आणि चवडा पुढच्या कडेवर दाबला जातो. म्हणून वापरातल्या जिन्यावर दोन्ही झिजा असतात, एकमेकींत मिसळलेल्या. इथे फक्त कड झिजली होती, पाचही फळ्यांवर आणि एकाच ठिकाणी. कठड्याच्या बाजूला लाकूड नवं होतं, माझ्या रंध्याची रेष अजून दिसत होती. खळगा होता तो भिंतीकडे, भिंतीपासून वीतभर अंतरावर.

बरीच माणसं, एकामागून एक, भिंतीला लागून. सगळी उतरणारी. चढणारं कुणीच नाही.

हे मनात आलं आणि मी मोठ्याने हसलो. आवाज अंगणात फिरला तसा गप्प झालो.

"याय," मी हाक मारली, "या जिन्यावरून कोण कोण जातं गं?"

"मी. सकाळी एकदा, भाकरी आणायला. आणि तू, मालक."

"पाहुणे? मिरवणूक? मजूर?"

"या घरात मिरवणूक?" ती सज्ज्यात आली, खाली वाकून माझ्याकडे बघत राहिली. चेष्टा करायचं विसरल्यासारखी. मग म्हणाली, "झिजली का?"

"झिजली."

"जुन्या पण अशाच झिजायच्या," ती म्हणाली आणि आत गेली. ती उतरायची तेव्हा दोन्ही हातांनी कठडा धरून उतरायची. भिंतीकडे ती कधीच जात नसे.

३

बदारा गेय हा आमचा गवंडी. चुन्याच्या कामात बेटावर त्याचा हात कुणी धरत नाही. जगात गंभीर व्हावं असं काही नसतंच, यावर त्याचा पक्का विश्वास. आमची मैत्री शाळेपासूनची. जिन्यालगतच्या भिंतीला तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच चुन्याचे हात दिले होते.

मी त्याला पायऱ्या दाखवल्या. त्याने शीळ घातली. "उंदीर असणार. बूट घातलेले."

"बदारा, भिंत बघ."

भिंतीवर, जिन्याच्या चढाला समांतर, एक मळकट पट्टा होता. तेलकट आणि गुळगुळीत, जुन्या घरात दाराच्या चौकटीला माणसं टेकून टेकून जशी चकाकी येते तसा. माझ्या खांद्याच्या उंचीला. बदाराने अंगठ्याच्या नखाने खरवडला. मळ चुन्यात मुरलेला होता.

"ओल आहे," तो म्हणाला.

"ओल खालून वर चढते. तिरकी होऊन जिना उतरत नाही."

"मग तुझ्या म्हातारीनं पाठ घासली असेल."

मी बोट खाली नेलं. पहिल्या पट्ट्याच्या खाली दुसरा होता, फिकट, तुटक. माझ्या कमरेच्या उंचीला. ज्यांचे खांदे तिथपर्यंतच पोचतात, त्यांचा.

बदाराने बादली उचलली, दोन्ही पट्ट्यांवर चुन्याचा जाड हात मारला आणि ब्रश धुता धुता म्हणाला, "तुला सांगू का मेदून? आपण म्हातारे झालोय. म्हातारी माणसं भिंतींकडे फार बघतात."

चार दिवसांनी त्या चुन्यावर पुन्हा पट्टे आले होते. तो ते बघायला आला नाही.

४

कचेरीत मादाम थियाम बसतात. शिकलेल्या बाई. बेटावरच्या प्रत्येक घराची नस त्यांना ठाऊक आहे. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. मी पट्ट्यांबद्दल बोललो नाही. झिजेबद्दल बोललो.

"लाकूड खराब निघालं असेल, फाय. बदलून घ्या."

"मादाम, लाकूड चांगलं आहे. माझं म्हणणं असं की तो जिना काढू या. बाहेरच्या बाजूने सिमेंटचा करू, साधा."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही हे बोलताय? तुम्ही?" मग कपाटातून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. "हा जिना म्हणजे त्या इमारतीचा कणा आहे. जशी आहे तशी राहायला हवी, म्हणून तर ती यादीत आहे. एक पायरी कमी नाही, एक जास्त नाही."

फाईलमध्ये जुने नकाशे होते आणि दुरुस्तीचे कागद. सगळ्यात जुना माझ्या आजोबांच्या काळातला. पायऱ्या बदलल्या. पुन्हा पायऱ्या बदलल्या. दर कागदावर वेगळ्या सुताराची सही, आणि तीन ठिकाणी सहीखाली त्याच अर्थाचं वाक्य, वेगवेगळ्या अक्षरांत: लाकूड उत्तम होतं.

"हे वाचलंत तुम्ही?" मी विचारलं.

"सगळे सुतार असंच लिहितात," मादाम हसल्या. "स्वतःचं लाकूड वाईट होतं असं कोण लिहील?"

बोलणं पटण्यासारखं होतं. मला ते पटावं असं फार वाटत होतं.

५

त्या आठवड्यात एक दिवस खुदियाने मला जेवायला थांबवलं. भात आणि मासे एकाच परातीत, तिने काटे काढून माशाचे मोठे तुकडे माझ्या बाजूला सारले. जेवण झालं. बेटावर त्या वेळी सगळं थंडावतं. दुकानांची दारं ओढलेली, घोडागाड्या सावलीत, नदीवरून येणारा वाराही पडलेला. ऊन अंगणात सरळ उतरलं होतं.

"आता बोलू नकोस," ती म्हणाली. "माझ्याजवळ बस. इथून दिसतं."

आम्ही सज्ज्यात, जिन्याच्या तोंडाशी, दोन बुटक्या स्टुलांवर बसलो होतो. मी काही विचारणार तेवढ्यात वरून पहिली फळी दबली.

करकर झाली नाही. आझोबे करकरत नाही. फक्त कड केसभर खाली गेली आणि वर आली, भिंतीकडच्या बाजूला. मग दुसरी. मग पहिली पुन्हा, तिसरीबरोबर. थोड्याच वेळात सबंध जिना वरून खालपर्यंत हलत होता, हळू, एका ठेक्यात, पाण्यावरची दोरी हलते तसा. आणि आवाज. तो मी आधीही ऐकला असेन आणि नदीचा म्हणून सोडून दिला असेन. अनवाणी पावलांचा, घाई नसलेला, न थांबणारा.

मला दिसलं काहीच नाही. उन्हात धुळीचे कण तेवढे, आणि तेही हलत नव्हते.

मी मनाशी म्हणालो, लाकूड तापलं की फुगतं. दुपारी तापतं. म्हणून दुपारी. हे मी तीन-चारदा म्हणालो.

खुदियाने बोट वर केलं. तिचा चेहरा, कसं सांगू, स्टेशनवर गाडी शिरताना माणसं डबे शोधतात तसा झाला होता.

"हा," ती कुजबुजली. "ऐक. हा."

त्या ठेक्यात एक पाऊल वेगळं होतं. टेकायचं, मग दुसरं ओढत यायचं. टेक, खर्र. टेक, खर्र.

"माझा रासीन. नऊ वर्षांचा असताना धक्क्यावरून पडला. डावा घोटा नीट बसलाच नाही."

रासीन तिचा एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांपूर्वी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून एका होडीत नव्वद माणसं स्पेनला निघाली, त्यांत तो होता. होडी पोचल्याची खबर आली नाही. बुडाल्याचीही आली नाही.

"चार महिन्यांनी मी त्याला पहिल्यांदा ऐकलं," ती म्हणाली. "मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही."

ओढत्या पावलाचा आवाज खाली गेला आणि त्याच्या मागे ठेका चुकला. एका माणसाएवढी जागा रिकामी गेली. फळ्या दबल्याच नाहीत. मग पुढची पावलं सुरू झाली.

"याय, मध्येच हे..."

"हो," ती म्हणाली. लग्नाच्या पंगतीत आपलं पान राखून ठेवलेलं दिसावं, तसं तिच्या बोलण्यात समाधान होतं. "त्याच्या मागची जागा आहे."

६

त्या रात्री मी बायकोला, थियोरोला, सगळं सांगितलं. ती कमी बोलणारी बाई आहे. म्हणाली, "म्हातारीला इथे घेऊन ये. बाकीचं मग बघू."

खुदियाला ते सांगितलं तर ती म्हणाली, "तिथे मला भेटायला कोण येईल?"

"मी आहे, थियोरो आहे, पोरं आहेत."

"तुम्ही चांगली माणसं आहात," ती म्हणाली. "गुलाम असूनसुद्धा."

शेवटी ती एका जेवणापुरती यायला तयार झाली. गुरुवारी थियोरो तिला घ्यायला आली आणि दोघी पुलापलीकडच्या सोर वस्तीत, आमच्या घरी गेल्या. गेल्याची खात्री करून मी बदाराला बोलावलं. करवत, पहार, शिडी. कागद नव्हता. कागदाशिवाय त्या घराला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ.

"हे केलंस तर परत काम मिळणार नाही तुला," बदारा म्हणाला.

"तुला जायचं असेल तर जा."

"मी कुठं जाऊ? शिडी धरायला कोण आहे तुला?"

दोन वाजायच्या आत आम्ही खालच्या आठ पायऱ्या काढल्या. फळ्या अंगणात रचल्या. जिना आता वरून खाली येऊन माझ्या डोक्यापेक्षा उंचावर तुटत होता, आणि खाली नुसती हवा होती. मी घाम पुसला. मनात म्हटलं, संपलं.

वरची फळी दबली.

बदारा पाठमोरा होता, खिळे वेचत होता. मी हाक मारली नाही. ठेका उतरत उतरत तुटल्या कडेपर्यंत आला, आणि मी कान देऊन वाट पाहिली की आता थांबेल. तो थांबला नाही. पावलं तशीच पुढे आली, जिथे पायऱ्या होत्या त्या उंचीवरून, माझ्या कपाळाजवळून, छातीजवळून, गुडघ्याजवळून. टेक, खर्र. टेक, खर्र. रासीन माझ्या अंगावरून गेला असेल, एवढ्या जवळून.

मग मी वर पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी खुदिया उभी होती.

तिने निळा, पायघोळ बुबू घातला होता, सकाळी घालून गेली होती तोच. उजवा हात भिंतीवर. कठड्याकडे तिने पाहिलंही नाही. ती उतरू लागली, मान ताठ, चपळ, मी तिला इतकं सरळ चालताना कधी पाहिलं नव्हतं. अकरा पायऱ्या फळ्यांवरून. बाराव्या पायरीला फळी नव्हती. मी दोन्ही हात पसरले आणि खाली उभा राहिलो.

तिचं पाऊल हवेत पडलं आणि टिकलं.

तिने दुसरं टाकलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे कुणाच्या तरी पाठीकडे ती बघत होती. त्यानंतरचं मला सांगता येत नाही. मी डोळे मिटले नव्हते. एवढं नक्की, की माझ्या पसरलेल्या हातांत काही पडलं नाही.

"मेदून! काय करतोयस?" बदारा म्हणाला. "पाऊस झेलतोयस का?"

त्याने काही पाहिलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो हसला, मग शिडी लावून वर चढला, मला सोबत घेऊन. तिची खोली बाहेरून कुलूपबंद होती, सकाळी ती लावून गेली होती तसंच कुलूप. पण जिन्यालगतच्या भिंतीवर, तुटल्या कडेच्या जरा वर, चार बोटांचा तेलकट ठसा होता. ओला. त्याला भाताचं तांबूस शीत चिकटलेलं होतं.

बदाराने ते शीत बराच वेळ पाहिलं. "पाखरं आणतात," तो म्हणाला, आणि बाहीने पुसून टाकलं.

मी सोरला पळत गेलो. थियोरो दारातच उभी होती, हातात तांब्या.

"हात धुवायला पाणी आणायला आत गेले," ती म्हणाली. "म्हातारी परातीवरून उठून कुठे गेली कुणास ठाऊक. तिच्या चपला इथेच आहेत."

कोळ्यांनी तीन दिवस नदी धुंडाळली. चौथ्या दिवशी इमामांनी प्रार्थना केली, प्रेताशिवाय.

७

जिना मीच परत बसवला. मादाम थियाम यांनी पोलिसांत दिलं नाही, एवढे त्यांचे उपकार. "जसा होता तसा करून द्या," त्या म्हणाल्या, "आणि मग पुन्हा तुमचं तोंड दाखवू नका." त्यांचे डोळे लाल होते. खुदियाला त्याही याय म्हणत.

फळ्या बसवताना मी दुपारी दोनच्या आधी निघून जायचो. एकदाच उशीर झाला. त्या दिवशी ओढत्या पावलामागे एक हलकं पाऊल होतं, जरा घाईचं, पुढच्याला गाठू पाहणारं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर मला वाटलं, कदाचित हे वाईट नसेलही. मग अजून बरीच पावलं गेली आणि अगदी शेवटी, रांग संपता संपता, शेवटच्या एका पावलाआधी, पुन्हा एक जागा रिकामी गेली.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. बदारालाही नाही. सांगायला हवं होतं.

काम पुरं झालं तशी कचेरीने इमारत पाहायला पाहुणे बोलावले. तीसेक माणसं होती, दुसऱ्या शहरांतले अधिकारी, शाळेचे मास्तर, दोन गोऱ्या बाया. वर सज्ज्यात जेवण ठेवलं होतं. पाहुणे दोघं-तिघं मिळून, हसत, फोटो काढत जिना चढले. कारागिरांनाही बोलावणं होतं, त्यात माझंही नाव राहून गेलं होतं. बदारा इस्त्री केलेला पांढरा बुबू घालून आला होता.

"चल ना वर," तो म्हणाला. "कोंबडी आहे, कांद्यातली."

"मी नाही येत. तूही जाऊ नकोस."

"म्हातारे," तो म्हणाला, पण माझ्याजवळ थांबला. कोठाराच्या सावलीत आम्ही दोघं बिसापचं लाल सरबत पीत उभे होतो. त्याने त्याच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचं काढलं. नवरामुलगा वजनाने बदाराच्या दुप्पट होता, आणि बदारा त्याची नक्कल करत होता. मी पुष्कळ दिवसांनी हसलो.

वरचा गलका कमी झाला. पाहुणे उतरू लागले.

ते एकेक करून उतरले. कुणी बोलत नव्हतं. कठड्याला मी नव्याने मेण लावलं होतं, त्याला एकाचाही हात लागला नाही. मास्तर, अधिकारी, गोऱ्या बाया, सगळे भिंतीला खांदा घासत, पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून, एका ठेक्यात. अंगणात पाय टेकला की ते पुन्हा बोलू लागायचे, मान चोळायचे, गाडी कुठे लावलीय ते विचारायचे. शेवटी मादाम थियाम आल्या. खाली पोचल्यावर त्यांनी किल्ल्या खुळखुळवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर आता कुणी नाही."

"धर जरा," असं मला मघाशी कधीतरी ऐकू आलं होतं. माझ्या दोन्ही हातांत एकेक पेला होता. शेजारी पाहिलं तर बदारा नव्हता.

तो जिना उतरत होता. पांढऱ्या बुबूचा उजवा खांदा भिंतीने मळला होता.

"बदारा!" मी ओरडलो. "अरे गधड्या!"

त्याने पाहिलं नाही. शेवटच्या पायरीवरून तो अंगणात आला, दोन-तीनदा डोळे मिचकावले आणि मग माझ्याकडे आला. चेष्टा करणाराच चेहरा, पण त्यावर चेष्टा येईना.

"मेदून," तो म्हणाला, "मी वर कधी गेलो होतो?"

मी पेले तिथेच खाली ठेवले. त्याचा दंड धरला आणि त्याला रस्त्यावर आणलं, चौकातून नेलं, पुलावर आणलं. घरी नेतो, थियोरोसमोर बसवतो, काहीतरी खायला घालतो, एवढंच डोक्यात होतं. पुलावर मी दंड सोडला, कारण तो स्वतःहून नीट चालत होता. भर दुपार होती. पायवाट रुंद, तीन माणसं सहज जातील एवढी, आणि मोकळी.

"शेजारी ये ना," मी म्हणालो.

"आहे की शेजारीच," तो म्हणाला. आवाज माझ्या पाठीमागून आला.

मी वेग कमी केला. त्यानेही केला. मी थांबलो नाही, थांबायचं धाडस झालं नाही. त्याला मुलीच्या लग्नाबद्दल विचारलं. पुलाच्या लोखंडी पत्र्यावर पावलं स्पष्ट वाजत होती, माझी आणि माझ्यामागे त्याची. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण आवाजावरून एवढं कळत होतं की बदारा शेवटचा नव्हता.